लवेत रुतलेला च्युइंगम

चघळून टाकलेल्या च्युइंगममध्ये खाण्यासारखे काही उरलेले नसते. साखर किंवा सॉर्बिटॉल, ग्लिसरीन आणि चवीची बहुतेक द्रव्ये लाळेबरोबर पोटात जातात. तोंडात शेवटी राहतो तो नुसता चिवट गोळा. नव्या वडीत या गोळ्याचा वाटा वजनाने साधारण 20 ते 30 टक्के असतो. त्यात रबरासारखी ताणली जाणारी द्रव्ये, राळेपासून केलेले चिकट पदार्थ, पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट, मेण आणि भर म्हणून खडूची किंवा शंखजिऱ्याची पूड असते. पाण्यात यातले काहीच विरघळत नाही. तासभर चघळूनही जो संपला नाही, तो साबणाच्या पाण्याने गालिच्यातून निघेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

हा गोळा पूर्वी झाडाचा असे. मेक्सिको आणि ग्वातेमालाच्या जंगलातल्या चिकूच्या झाडाला चिरा पाडून चीक गोळा करायचा, तो आटवायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या, हा धंदा न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्स यांनी 1870 च्या सुमारास नावारूपाला आणला. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत फळांसाठी लावतात ती झाडे याच जातीची. चिकूचा किंवा फणसाचा चीक हाताला लागला तर तेलाने सुटतो, हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही; पुढे येणाऱ्या पद्धतींपैकी एक त्यातच आली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून चिकाची जागा कारखान्यातल्या द्रव्यांनी घेतली, आणि त्यातली दोन महत्त्वाची द्रव्ये जर्मन प्रयोगशाळांतून आलेली आहेत. पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट फ्रिट्स क्लाट्टे यांनी 1912 मध्ये शोधले. सुतारकामात वापरला जाणारा फेव्हिकॉल याच कुळातला. पॉलिआयसोब्युटिलीन हे कृत्रिम रबर 1931 मध्ये लुडविग्सहाफेनला तयार झाले. म्हणजे आजच्या च्युइंगममध्ये एक गोंद आणि एक रबर एकत्र नांदतात. त्याचा उपद्रव आणि त्यावरचा इलाज, दोन्ही या जोडीतून येतात.

काढण्याच्या सगळ्या पद्धती या गोळ्याच्या एका स्वभावावर उभ्या आहेत. सावकाश ओढला तर तो तार धरतो, झटका दिला तर तुटतो. ऊब मिळाली की पसरतो, गारठला की कडक होतो. गुळाच्या पाकाचे असेच असते: कढईत तो तार धरतो आणि थंड झालेली चिक्की टचकन मोडते. या बदलाला काच-संक्रमण म्हणतात. रेणू स्फटिकातल्यासारखे रांगेत न बसता आहेत त्या गुंत्यातच थिजतात आणि पदार्थ काचेसारखा कडक, ठिसूळ होतो.

काचेची गोष्ट निघालीच आहे, तर जर्मनीतले येना हे शहर काचेसाठीच जगभर ओळखले जाते. ऑटो शॉट यांनी एर्न्स्ट आबे आणि कार्ल त्साइस यांच्या साथीने 1884 मध्ये इथे काचेची प्रयोगशाळा काढली, आणि विद्यापीठातली पदार्थसंशोधन संस्था आजही शॉट यांच्याच नावाने ओळखली जाते. भिंगाची काच आणि बुटाखालचा च्युइंगम यांच्या थिजण्यामागचे शास्त्र एकच आहे, फरक तापमानाचा. नेहमीच्या काचांना हे संक्रमण 500 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थोडे वर होते. च्युइंगमची अडचण अशी की त्यातले घटक वेगवेगळ्या तापमानांना थिजतात. पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट कोरडे असेल तर 30 ते 40 अंशांच्या खालीच कडक होते. पॉलिआयसोब्युटिलीन मात्र उणे 60 अंशांच्या खाली जाईपर्यंत रबरच राहते. घटकांचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे निराळे. त्यामुळे एका घरात बर्फाने काम झाले आणि दुसऱ्या घरात झाले नाही, तर बहुधा दोन्ही घरचे लोक खरेच बोलत असतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न घरात फारसा येत नाही, कारण पायाखाली लादी असते. लादीवरचा च्युइंगम पात्याने खरवडला की काम संपते. त्रास होतो तो कपड्यांचा आणि केसांचा. येनात शिकायला आलेला पुण्याचा किंवा नागपूरचा विद्यार्थी लोबेडा, विन्त्सेर्ला अशा भागांत भाड्याची खोली घेतो आणि तिथे कधी कधी भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा त्याच्या वाट्याला येतो. हा गालिचा उचलून झटकता येत नाही, धुवायला देता येत नाही आणि तो घरमालकाचा असतो. पुढची सगळी सावधगिरी या तीन गोष्टींमुळे आहे.

असा गालिचा बहुतेक वेळा विणलेला नसतो. पॉलिप्रॉपिलीनच्या कापडातून सुयांनी सुताचे फास वर काढतात, ते निसटू नयेत म्हणून खालून लॅटेक्सचा लेप देतात आणि त्याखाली दुसरे अस्तर चिकटवतात. वरचे फास तसेच ठेवले तर फासाची लव, कापले तर मोकळी लव. फासाच्या लवेत च्युइंगम प्रत्येक वेटोळ्याच्या आत शिरतो आणि जोराने ओढला तर शेजारचे फासही ओळीने उसवत येतात. मोकळी लव त्यामानाने सोशिक. वेळ पडली तर तिची टोके कातरता येतात. सूत कशाचे आहे यावर पुढचे सारे ठरते. लोकर असेल तर तिला उष्णता आणि तीव्र अल्कली सोसत नाही. पॉलिअमाइड-6 चिवट आणि झीज सोसणारे. पाउल श्लाक यांनी 1938 मध्ये शोधलेला हा तंतू पूर्व जर्मनीत देडेरॉन या नावाने घरोघर पोचला, आणि तो बनवणारा एक मोठा कारखाना येनाच्या दक्षिणेला, झाले नदीच्याच खोऱ्यात, रुडोलश्टाटजवळच्या श्वार्झा इथे होता. पॉलिप्रॉपिलीन रसायनांना दाद देत नाही, पण 160 अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी त्याची लव बसते. व्हिस्कोजला तर ओले झालेलेच खपत नाही. सूत ओळखू येत नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात आधी प्रयोग करून पाहण्याला पर्याय नाही.

पहिली आणि सर्वांत निरुपद्रवी पद्धत थंडीची. बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून च्युइंगमवर ठेवतात. पिशवी हवीच, कारण वितळलेले पाणी लवेत मुरले तर अस्तराखाली ओल राहते, वास येतो आणि लोकर असेल तर ती आक्रसते. बर्फ वितळताना ग्रॅममागे 334 ज्यूल उष्णता ओढून घेतो, म्हणून गोळा झपाट्याने गार होतो, पण पाण्याच्या बर्फाने तो वितळू लागल्यावर शून्याखाली नेता येत नाही. फ्रीझरमधली शीतपिशवी उणे 18 अंशांपासून सुरुवात करते आणि म्हणून बर्फापेक्षा सरस ठरते. दहा-पंधरा मिनिटांनी, पिशवी उचलल्याबरोबर, बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने गोळ्याला ठोका देऊन तो फोडायचा असतो. इथे बहुतेकांची घाई नको तिथे आणि सबुरी नको तिथे होते. थंड करायला वेळ द्यावा लागतो, पण फोडण्याचे काम काही सेकंदांत उरकावे लागते, कारण खोलीच्या उबेने गोळा लगेच पुन्हा मऊ पडतो. शिवाय झटक्याचा ठोका गोळ्याला जणू आणखी थंड असल्यासारखे वागायला लावतो. हळूहळू ओढल्याने तोच गोळा रबरासारखा ताणला जातो. बाहेरून मध्याकडे फोडत यावे, तुकडे ताबडतोब व्हॅक्यूमने उचलावेत, नाहीतर ते मऊ पडून नव्या जागी चिकटतात.

थंडीचा फवारा याच्या पुढची पायरी. ब्युटेन, प्रोपेन किंवा डायमिथिल ईथर दाबाखाली डब्यात भरलेले असते. बाहेर पडताच ते उकळून उडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता च्युइंगममधून घेते. पृष्ठभाग उणे 40 अंशांच्या आसपास जातो, आणि पॉलिआयसोब्युटिलीन अजून पुरते थिजले नसले तरी झटक्याला ते काचेसारखे उत्तर देते. व्यावसायिक सफाई कामगार बहुधा हाच वापरतात. मात्र हे वायू पेट घेणारे आहेत. खिडकी उघडी, शेगडी आणि सिगरेट बंद, आणि बोटांवर फवारा नको, कारण हिमदंश होतो. सुका बर्फ उणे 78.5 अंशांचा असतो आणि काम उत्तम करतो, पण बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साचतो. घरगुती वापरात त्याची भर घालण्याचे कारण नाही.

थंडीने मोठा भाग निघतो, पण तंतूंना लपेटलेला पातळ थर बहुतेक वेळा राहतो, विशेषतः च्युइंगम आठवडाभर पायाखाली तुडवला गेला असेल तर. तिथे द्रावकांची पाळी येते, आणि या सबंध विषयात सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. रबर विरघळते ते वॉशबेन्झीनसारख्या हलक्या पेट्रोलजन्य द्रावकात; जर्मनीत ते रंगाच्या दुकानांत सहज मिळते आणि साधारण 80 ते 110 अंशांदरम्यान उकळते. पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटला मात्र ते फारसे शिवत नाही. त्याला अ‍ॅसिटोन किंवा एथिल अ‍ॅसिटेट लागते, म्हणजे नखांचा रंग काढण्याचे द्रव्य, आणि त्यात रबर विरघळत नाही. एकाच बाटलीने च्युइंगम पूर्ण विरघळवणे म्हणूनच जमत नाही. द्रावक गोळ्याला फुगवतो, सैल करतो. उचलण्याचे काम शेवटी कापडालाच करावे लागते. द्रावक ओतून चोळत बसणाऱ्याच्या हाती पसरलेला राखाडी चिखल येतो.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. गालिच्याचे फास ज्याने धरून ठेवलेले आहेत तो लॅटेक्सचा लेपही रबरच असतो. च्युइंगम सैल करणारा द्रावक खाली झिरपला की तो लेपही फुगवतो, अस्तर सुटते, आणि काही दिवसांनी त्या जागी फुगवटा येतो किंवा सूत हातात येते. डाग गेला आणि गालिचा गेला, असा हा सौदा. म्हणून द्रावक कधीही गालिच्यावर ओतू नये. पांढऱ्या सुती कापडावर थोडा घेऊन फक्त गोळ्याला लावावा, कापडाची बाजू बदलत टिपत जावे. वॉशबेन्झीनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. त्याने भिजलेल्या जागेवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे धोक्याचे आहे, कारण मोटरची ठिणगी पुरेशी होते. अ‍ॅसिटोन अ‍ॅसिटेट रेशमाच्या कापडाला विरघळवून भोक पाडते. रॉकेलने रबर सैल होते खरे, पण त्याचा तेलकटपणा आणि वास आठवडे टिकतो.

संत्र्याच्या सालीतले लिमोनीन वॉशबेन्झीन आणि रॉकेल या दोन टोकांच्या मधले. ते 176 अंशांना उकळते, म्हणजे लवकर उडून जात नाही, रबर आणि राळ दोन्हींना फुगवते, आणि त्याची आग लागण्याची शक्यता वॉशबेन्झीनपेक्षा बरीच कमी. जर्मन दुकानांतल्या संत्र्याच्या तेलाच्या क्लीनरचा जीव यातच असतो. ते ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त वापरले जाते, पण हवेत जुने झालेले लिमोनीन त्वचेला अ‍ॅलर्जी आणू शकते आणि लॅटेक्सला तेही सोडत नाही.

खोबरेल तेल, शेंगदाण्याचे लोणी, मेयोनेज हे घरगुती उपाय एकाच कारणाने चालतात: तेल गोळ्यात हळूहळू शिरते आणि तो तंतूला धरेनासा होतो. केसांत अडकलेल्या च्युइंगमला याहून चांगला उपाय नाही, कारण केस धुता येतात. चिकटवलेल्या गालिच्यात तेल घालणे म्हणजे एक डाग काढायला दुसरा आणणे; तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांनी काळी चकती दिसू लागते. शेंगदाण्याच्या लोण्यात तर तेलाबरोबर कणही येतात. व्हिनेगरची ख्याती बहुधा खडूमुळे असावी. आम्लाने खडू विरघळतो हे खरे, पण खडूची पूड रबराच्या आत बंद असते आणि आम्ल तिथवर पोचत नाही. जर्मनीत डागांवर लावतात तो बैलाच्या पित्ताचा साबण, गालझाइफे, च्युइंगमचे काहीच बिघडवत नाही. तो उपयोगी पडतो नंतर, उरलेला तेलकटपणा धुताना.

उष्णतेबद्दल थोडक्यात. रस्त्यावरच्या फरशीवरून च्युइंगम काढताना दाबाची गरम वाफ वापरतात, कारण दगडाला तिचे काही वाटत नाही. गालिच्यात ऊब दिली की गोळा पातळ होऊन लवेच्या मुळाशी उतरतो, जिथून तो कुणालाच निघत नाही. हेअर ड्रायरने मऊ करून चिकटपट्टीने उचलण्याचा उपाय घट्ट विणीच्या, लव नसलेल्या कापडावर कधी साधतो. गालिच्यावर कागद ठेवून इस्त्री फिरवण्याचा सल्ला मात्र सोडून द्यावा. पॉलिप्रॉपिलीनची लव तिथे कायमची चकाकते.

सोफा, खुर्च्या आणि गाडीच्या बैठका यांच्यात लॅटेक्सची भीती कमी, पण खाली पॉलियुरेथेनचा फोम असतो, आणि तो द्रव शोषून घेतो व सोडत नाही. थंडीला इथेही पहिला मान, तोही आणखी एका कारणाने: बैठकीचे आवरण बोटांनी मागून ताणून धरता येते, आणि ताणलेल्या कापडावरचा थिजलेला गोळा लवकर तडकतो. उशीची खोळ निघत असेल तर ती सरळ पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. खोळीच्या आतल्या पट्टीवरची वर्तुळातली अक्षरे पाहण्याजोगी असतात: ‘एफ’ असेल तर पेट्रोलजन्य द्रावक चालतात, ‘पी’ असेल तर पर्क्लोरोएथिलीनही चालते, वर्तुळावर फुली असेल तर ड्रायक्लीनिंग नको. मखमल सर्वांत नाजूक, कारण तिची लव दाबली गेली की त्या जागी कायमची सावली दिसते. तिथे खरवडायचे तर लवेच्या दिशेनेच. मायक्रोफायबर दिसते तसे कोवळे नसते, पण त्यातला पॉलियुरेथेन अ‍ॅसिटोनने खराब होतो. चामड्यावर थंडीनंतर बोटाने सोलणे पुरेसे असते, कारण रंगाचा थर असलेल्या चामड्यात च्युइंगम शिरत नाही. द्रावकाने च्युइंगमच्या आधी रंग निघतो. 1926 मध्ये उघडलेल्या येनाच्या त्साइस तारांगणासारख्या सभागृहांत अंधार आणि गादीच्या खुर्च्या एकत्र येतात, आणि अशा जागी सफाईवाले आसनाच्या वरच्या बाजूइतकेच खालच्या बाजूकडे का पाहतात, हे वेगळे सांगायला नको.

गोळा गेल्यावर कडेला पुसट कडे राहते; ते राळ, तेल आणि त्यावर बसलेल्या धुळीचे असते. कोमट पाण्यात लोकरीचा सौम्य साबण किंवा पित्ताचा साबण घालून, स्पंजने टिपून, मग साध्या पाण्याने पुन्हा टिपले की ते जाते. साबण मागे राहिला तर तोही धूळ धरतो. मोठी जागा खराब असेल तर पाणी फवारून लगेच ओढून घेणारे यंत्र जर्मनीत घरबांधणी-सामानाच्या मोठ्या दुकानांतून भाड्याने मिळते. थंडी आणि द्रावक यांचे काम पुरते संपल्यावरच ते चालवावे; त्याचे गरम पाणी उरलेला च्युइंगम खाली नेते.

प्रश्न मुळातच सोडवण्याचे प्रयत्नही झाले. सिंगापूरने 1992 मध्ये च्युइंगमवर बंदीच घातली. 2004 पासून औषधी प्रकारांना सूट आहे. ब्रिस्टल विद्यापीठातले टेरेन्स कॉसग्रोव्ह आणि त्यांच्या रेव्होलिमर कंपनीने 2007 मध्ये वेगळ्या वाटेचा च्युइंगम जाहीर केला. त्यातल्या बहुवारिकाचा एक भाग पाण्याला जवळ करणारा आहे, त्यामुळे गोळ्याभोवती पाण्याचा पातळ थर धरून राहतो आणि तो कापडाला घट्ट चिकटत नाही. कल्पना चोख आहे. बाजारातला बहुतेक च्युइंगम मात्र अजून जुन्याच घडणीचा आहे.

काहीच न जमले तर कापणे उरते. मोकळी लव वरून दोन-तीन मिलिमीटर कातरली तर लक्षात येत नाही. च्युइंगम मुळापर्यंत गेला असेल तर कसबी माणूस तेवढा गोल तुकडा कापून काढतो आणि कपाटामागून किंवा उरलेल्या गालिच्यातून तसाच तुकडा, लवेची दिशा जुळवून, बसवतो. भाड्याच्या घरात हे परस्पर करू नये. आधी मालकाला कळवावे.

खर्च कुणाचा, याबद्दल जर्मन कायदा बराच स्पष्ट आहे. नागरी संहितेच्या कलम 538 प्रमाणे नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, पण च्युइंगमचा डाग झिजेत मोडत नाही. असे असले तरी मालकाला नव्या गालिच्याची पूर्ण किंमत मागता येत नाही: गालिच्याचे वय वजा होते, आणि न्यायालये त्याचे आयुष्य पुष्कळदा 10 वर्षांच्या आसपास धरतात. आठ वर्षे जुन्या गालिच्यावर डाग पडला, तर भरपाई थोड्याच हिश्श्याची होते. अनामत कलम 551 प्रमाणे तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. भाडेकरूकडे खासगी दायित्व विमा असेल, तर भाड्याच्या घराच्या नुकसानीचे कलम त्यात पुष्कळदा असते. चिकटवलेला गालिचा त्यात सहसा बसतो, मालकाचा सोफा मात्र पॉलिसीत तसे लिहिले असेल तरच. घर ताब्यात घेताना हस्तांतरण-पत्रकात जुने डाग छायाचित्रांसह नोंदवलेले असले की निघताना वाद उरत नाही. आणि कलम 548 प्रमाणे घर परत मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालकाने अशा नुकसानीचा दावा लावला नाही, तर तो मुदतबाह्य होतो.